पानाचा हर्रास

प्रणाली सोमकुवरच्या पानावर सकाळी संत्र्याचा भाव पडायला जरा उशीर झाला, की फोनवर तिला जे ऐकून घ्यावं लागे ते इथं लिहिण्यासारखं नाही. पांढुर्णा-सौंसरकडचा माणूस तसा सोशिक. पण सकाळच्या चहाबरोबर त्याला चार गोष्टी कळल्याच पाहिजेत. संत्रं काय भावानं गेलं, कापसाला काय मिळालं, इटारसीहून येणारी गाडी तिगावला अडून पडली का, आणि कोण वारलं. या चारही गोष्टी मोबाईलवर ज्या एका जागी सापडत, तिचं नाव प्रणालीनं मोठ्या हौसेनं 'परिसर वार्ता' ठेवलं होतं. ते नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणत, प्रणालीचं पान.

पानाचं ऑफिस म्हणजे जुन्या जिनिंगच्या फाटकासमोर, फवारणी पंपाच्या दुकानावरची एक खोली. माणसं दोन. भाव आणि बातम्या गोळा करणारा संदीप, आणि त्या लिहिणारी, तपासणारी, शिव्या खाणारी प्रणाली. पान वाचायला पैसे पडत नसत, तेव्हा सगळा संसार जाहिरातींवर. आणि जाहिराती येत दोन बड्या कंपन्यांकडून. एकीच्या चिन्हाचा रंग पिवळा, दुसरीच्या चिन्हाचा लाल, म्हणून संदीप त्यांना पिवळी आणि लाली म्हणे. आपणही तेच म्हणू. खरी नावं घेऊन आपल्याला कुठं त्यांच्याकडे सोयरीक करायची आहे.

या कंपन्यांचा धंदा मोठा गमतीचा. कुणी पान उघडलं, की पापणी लवायच्या आत वर कुठंतरी त्या जागेचा लिलाव होतो, म्हणे. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात वाचणाऱ्यापुढे येते. हा लिलाव कुणी पाहिलेला नाही. बोली कुणी ऐकलेली नाही. भूत तरी कुणाच्या ना कुणाच्या काकाला दिसलेलं असतं. प्रणालीला महिनाअखेरी एक आकडा कळे आणि तिनं तो मुकाट्यानं मान्य करावा, अशी पद्धत होती.

मग पांढुर्णा जिल्हा झाला, बाजार वाढला, मोबाईल वाढले, आणि एक दिवस या दोघींनाही प्रणालीच्या पानाचं अचानक प्रेम आलं. दोघींना एकाच वेळी. पिवळीनं आपला नागपूरचा माणूस मागे लावला, पंकज नावाचा, गोड बोलण्यात पटाईत. लालीनं लावला नितीन, तो जरा कमी बोले पण फोन जास्त करी. दोघांना हवी होती एकनिष्ठ भागीदारी. म्हणजे पाच वर्षं पानावर जाहिरात लागेल ती आमच्याच हातून, दुसऱ्या कुणाची नाही. हल्ली लग्नातसुद्धा एवढी एकनिष्ठा कुणी लिहून मागत नाही.

"मॅडम, लालीवाल्यांच्या नादी लागू नका," पंकज फोनवर सांगे. "दगाबाज लोक आहेत. आमचं अन् त्यांचं कोर्टात सुरू आहे."

"पिवळीवाले तुम्हाला गिळून टाकतील," नितीन संध्याकाळी सांगे. "आम्ही त्यांच्याशी लढून राहिलो, ते तुमच्यासारख्या छोट्या लोकांसाठीच."

खोटं कशाला बोला, प्रणालीला हे आवडत होतं. शेतमजुराच्या घरातली पोर ती. तिच्यासाठी कुणी दोघं भांडतायत हे सुख तिनं आजवर पाहिलं नव्हतं. तिची आई मंगलाबाई तर हरखूनच गेली होती. "दोन गिऱ्हाईक असले का मालाले भाव येते," ती म्हणाली. "नखरे कमी कर अन् सही करून टाक, पोरी."

सही करायला म्हणूनच प्रणालीनं पिवळीचा करार एका दुपारी नीट वाचायला घेतला. सगळं छान होतं. पान तुमचंच राहील, असं तर तीन ठिकाणी लिहिलेलं. फक्त पानावरची कुठली जागा कुणाला, काय भावानं द्यायची, हे कंपनी ठरवील. मालकानं स्वतः कुणाची जाहिरात लावायची नाही. पैसे घेऊन नाही, फुकटही नाही. लोधीखेड्याच्या उत्तमभाऊंच्या नर्सरीत वांग्याची रोपं आली, एवढी ओळसुद्धा नाही.

प्रणालीनं कागद खाली ठेवला आणि तिला यशवंतरावांची बाग आठवली.

तेव्हा ती शाळेत होती, तिसरीत. आई तिगावच्या बाजूला यशवंतरावांच्या बागेत संत्री तोडायला जायची आणि सुट्टी असली की तिलाही न्यायची. त्या वर्षी यशवंतरावांनी बाग उक्ती दिली होती. म्हणजे झाडावरचा सगळा माल व्यापाऱ्याला एकदाच विकून टाकला होता. आपल्याकडे एकदा सौदा झाला की मग झाड मालकाचं आणि फळ व्यापाऱ्याचं. एक संत्रं गळून प्रणालीच्या पायाशी आलं. तिनं ते उचललं आणि व्यापाऱ्याच्या राखणदारानं तिच्या हातातून काढून टोपलीत टाकलं. यशवंतराव तिथंच उभे होते. माणूस दिलदार, एरवी त्यांनी तिची ओंजळ भरली असती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "बाग देल्ली ना बाई. आता माह्या हाती काही नाही."

राखणदाराचा चेहरा प्रणाली विसरून गेली. यशवंतरावांचा नाही विसरली. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या झाडाखाली उभा असलेला माणूस, आणि एका पोरीला गळालेलं एक फळ देता येत नाही. त्या दिवशी तिला त्यांची कीव आली होती. राग पुढं वयाबरोबर आला, आणि करार वाचताना तो पुन्हा अंगभर चढला. पान तुमचंच राहील. बागही यशवंतरावांचीच राहिली होती.

तिनं ठरवलं, पान उक्ती द्यायचं नाही. दोन्ही कंपन्यांना समोरासमोर बोलायला लावायचं. ज्या दिवशी जी जास्त देईल, त्या दिवशी जागा तिची. एवढं हाडवैर आहे तर चढाओढीनं बोलतील, आपल्याला भाव मिळेल आणि पान हातातून जाणार नाही. तिनं दोघांनाही एकाच तारखेला बोलावलं. पंकजला सकाळी, नितीनला दुपारी. दोघं जिन्यात भेटून उगाच हातघाईवर यायला नकोत, एवढी काळजी बिचारीनं घेतली.

त्या दिवशी सकाळी पाहुण्यासाठी तर्री-पोहे आणायला ती स्टँडकडच्या गाडीवर गेली. गाडीजवळ नागपूर पासिंगची एक पांढरी मोटार उभी होती. मोटारीच्या बॉनेटवर दोन प्लेटी ठेवलेल्या आणि दोन माणसं पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल अशी खात होती. एक पंकज. आणि दुसरा, ज्याला तिनं व्हिडिओ कॉलवर दहादा पाहिलं होतं, तो लालीचा नितीन. तो पंकजच्या पोह्यांवर लिंबू पिळत होता.

आता हे कुणी पुण्या-मुंबईच्या माणसानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, वा, स्पर्धा असावी पण मैत्रीही असावी. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. आमच्याकडे एका जीपमधून दोन व्यापारी बागेत उतरले की शेतकरी चहा पाजतो आणि सौदा मोडतो. कारण दोघांचं वाटेतच ठरलेलं असतं, कोण बोलणार आणि कोण मान हलवून निघून जाणार. आणि वैराचं म्हणाल, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावणाऱ्या गावाला वैर कसं दिसतं हे बाहेरच्यांनी शिकवायला नको. वैरी लिंबू पिळून देत नाही.

प्रणालीनं पोहे घेतले नाहीत. ती परत आली, पंखा लावला, आणि खुर्चीत बसून राहिली. महिनाभर आपण किती खूश होतो, हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेपायी राग दुप्पट झाला.

थोड्या वेळानं पंकज आला. शर्टाच्या खिशाखाली तर्रीचा ठिपका.

"मॅडम, आज फायनल करून टाकू," तो म्हणाला. "लालीवाल्यांचा फोन येत असेल तर उचलूच नका."

"ते कुठं असतील आता?" प्रणालीनं विचारलं.

"कोण?"

"लालीवाले. नितीन साहेब."

"असतील नागपुरात. आपल्याला काय करायचं."

प्रणालीनं आधी खिडकीतून खाली पाहिलं, मग दारातल्या संदीपकडे. "संदीप, खाली पांढऱ्या गाडीत एक साहेब बसून राहिले. उन्हात काऊन बसवून ठेवलं त्यांना? वर घेऊन ये."

संदीप गेला. पंकज बाटलीतलं पाणी प्यायला, त्यानं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. नितीन जिना चढून आला आणि दोघं शेजारी शेजारी बसले, हेडमास्तरांनी बोलावलेल्या पोरांसारखे. शेवटी पंकज म्हणाला, "गाडी एकच केली, मॅडम. पेट्रोल वाचते."

"अन् बिल?"

"बिल दोन," नितीन म्हणाला. तो हे खाली पाहून म्हणाला, पण म्हणाला. तेवढ्यापुरता तो प्रणालीला बरा वाटला.

"मग आता मी सांगते ते ऐका," ती म्हणाली. "माझ्या पानाची जागा रोज विकायची. दोघांनी बोलायचं, माझ्यासमोर. जो चढेल त्याची जागा. तुमचं एवढं भांडण आहे, तर बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पंकजनं गोड बोलणं बाजूला ठेवलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याशिवाय तो बराच सरळ माणूस निघाला.

"तसं होत नाही, मॅडम. वर ठरून गेलं आहे. पांढुर्णा जिल्हा आमच्याकडे, बैतूल त्यांच्याकडे. इथं ते आमच्यावर चढून बोली लावत नाहीत, तिथं आम्ही त्यांच्यावर लावत नाही. नितीनभाऊ दुपारी येऊन आमच्यापेक्षा थोडं कमी बोलणार होते, म्हणजे तुम्हाला आमचं जास्त वाटलं असतं."

"अन् ते कोर्टातलं भांडण?"

"ते खरं आहे. पण ते मोठ्या शहरांसाठी."

मोठ्या शहरांसाठी भांडण आणि आपल्यासाठी वाटणी. प्रणालीला वाटलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं. फसवलं याचं एवढं नाही. आपण भांडण्याच्याही लायकीचे नाही, हे.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर मग दोघंही नाही," नितीन म्हणाला. "दोघांच्याही जाहिराती बंद होतील. हेही ठरलेलं आहे."

संदीप दारात उभा होता. त्याच्या घरी आठ महिन्यांचं लेकरू होतं. प्रणालीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, म्हणजे ताई, तुम्ही म्हणाल ते.

"तर मग दोघंही नाही," ती म्हणाली. "हे तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगून राहिली. माझं पान लहान आहे, पण वाटून घ्यायला तो तुमच्या बापजाद्याच्या शेताचा धुरा नाही. एका गाडीनं आले, एकाच गाडीनं जा. पेट्रोल वाचते."

ते गेले. मोटार वळून दिसेनाशी झाल्यावर प्रणालीनं पिवळीचा करार उचलून रद्दीत टाकला.

घरी मंगलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग लेकीला फैलावर घेतलं. आलेली लक्ष्मी लाथाडली, संदीपच्या लेकराच्या तोंडचं दूध तोडलं, शिकून शहाणपण आलं नाही, मस्ती आली.

"माय, यशवंतरावाची बाग आठवते तुले?" प्रणाली म्हणाली.

"आठवते ना. तुह्या हातातलं संत्रं घेतलं तेही आठवते. पण त्या बागेच्या पैशात त्यानं पोरीचं लगन केलं, ते तुले नाई आठवत. स्वाभिमानाची भाजी होत नाई, बाई."

प्रणाली फक्त म्हणाली, "मी नाही देणार," आणि मंगलाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

कंपन्या शब्दाच्या पक्क्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी पानावरच्या जाहिराती गेल्या आणि त्यांच्या जागी पांढरे चौकोन उरले. गावात कुजबुज झाली, की प्रणालीचं पान बुडालं. चहाच्या टपरीवर, जी पोर स्वतः वाढली ती कशी वाढली याचं कुणाला घेणंदेणं नव्हतं, पण कशी पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. संदीप संध्याकाळी औषधाच्या दुकानात कामाला जाऊ लागला. प्रणालीनं स्कूटी विकली आणि भाव घ्यायला ती बाजारात पायी जाऊ लागली. भाव मात्र एक दिवस चुकला नाही. त्या पांढऱ्या चौकोनांकडे पाहून तिला रोज चीड येई, आणि त्या चिडीतच एका सकाळी तिनं वरच्या चौकोनात लिहून टाकलं:

'ही जागा रोज सकाळी हर्रासानं मिळेल. जिनिंगच्या फाटकासमोर यावं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलावं. फोनवर बोली घेतली जाणार नाही.'

बागेचा हर्रास, म्हणजे उघडा लिलाव, लोकांनी पाहिला होता, बैलाचा पाहिला होता. हवेतल्या चौकोनाचा हर्रास कुणी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी बघे पुष्कळ जमले आणि बोलणारे एकटे उत्तमभाऊ, लोधीखेड्याच्या नर्सरीचे. चढायला कुणी नाही म्हटल्यावर जागा त्यांना मातीमोलानं मिळाली. लोक हसत घरी गेले. प्रणालीनं त्यांची जाहिरात लावली, रोपांचा फोटो स्वतः काढून लावला.

पण ती जाहिरात सौंसरच्या विजयभाऊंनी पाहिली. विजयभाऊंचीही नर्सरी, आणि ते उत्तमभाऊंचे सख्खे चुलतभाऊ. दोघांत एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हातभर बांधावरून, वीस वर्षं बोलाचाली बंद. एका गाडीतून येणं सोडा, हे दोघं एका रस्त्यानंसुद्धा येत नसत. एक आला की दुसरा फाट्यावरून वळसा घालून येई. दुसऱ्या दिवशी विजयभाऊ फाटकासमोर हजर. उत्तमभाऊ बोलले की ते आकाशाकडे पाहून त्यावर चढून बोलत. उत्तमभाऊ जिनिंगच्या भिंतीकडे पाहून त्यावर चढत. त्या दिवशी पिवळी-लालीला कळलं असतं भांडण कशाला म्हणतात.

त्यांचं पाहून साडीवाले आले, मोटार-पंपवाले आले, शिकवणीच्या क्लासवाल्या रजनी मॅडम आल्या आणि त्यांनी पंपवाल्याला खाली पाडलं. लोक चहाचे कप घेऊन हर्रास पाहायला येऊ लागले. कुणी किती बोललं हे सगळ्या गावाच्या कानावर असे, म्हणून कुणी कुणाशी आतून ठरवू शकत नसे. ठरवलंच, तर शेजारी ऐकून मोठ्यानं सांगून टाकी. पिवळी-लालीच्या काळात येत होतं तेवढं अजूनही येत नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. पण संदीपनं औषधाचं दुकान सोडलं. आणि मंगलाबाई, जी हा सगळा तमाशा आहे असं म्हणत होती, ती तमाशा बघायला रोज येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसू लागली.

एका सकाळी गर्दीच्या मागे पंकज उभा दिसला. एकटा, बसनं आलेला, शर्ट चुरगळलेला. पिवळीला इकडच्या बाजारात मोबाईलवरून पैसे पाठवायची नवी योजना आणायची होती, आणि इकडचा माणूस सकाळी पाहतो ते एकच पान, हे पिवळीच्याही ध्यानात आलं होतं. वर काय ठरलं होतं, कुणास ठाऊक. खाली तिला जाहिरात हवी होती.

प्रणालीनं त्याला पाहिलं आणि काही न पाहिल्यासारखं करून हर्रास सुरू केला. उत्तमभाऊ बोलले. विजयभाऊ आकाशाकडे पाहून बोलले. मागून पंकजनं एक बोट वर केलं.

"बोटानं नाही चालत," प्रणाली म्हणाली. "तोंडानं बोलायचं."

पंकजनं घसा साफ केला आणि आकडा सांगितला, पण असा, की जणू डॉक्टरला दुखणं सांगतोय. माना मागे वळल्या.

"ऐकू नाई आलं, बावा," पायरीवरून मंगलाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितला. ऐकू आला. विजयभाऊंनी वीस वर्षांत पहिल्यांदा उत्तमभाऊंच्या दिशेनं पाहिलं, आणि मग पंकजच्या आकड्यावर चढून बोलले. पंकज त्यावर गेला. रजनी मॅडम दोघांवरून गेल्या. गर्दीत कुणी हसलं. पंकजच्या कपाळावर घाम आला. त्याला जेवढं बोलायची मुभा होती तेवढं संपलं असावं. तो वाट काढत पुढं आला, प्रणालीजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, वर खोलीत दोन मिनिटं बसू का? एकदम वर्षाचंच बोलून टाकू, चांगलं देतो. इथं असं सगळ्यांसमोर..."

प्रणालीनं तोंड उघडलं. पण उत्तर तिच्या मागून आलं. मंगलाबाई पायरीवरून उठली होती आणि पदर खोचून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली होती, वर जायची वाट अडवून.

"वर काई नाई," ती म्हणाली. "जे बोलाचं ते इथंच बोल. अन् मोठ्यानं बोल."